बोलून लिहिलेलं ललित: फोनच्या मराठी व्हॉइस टायपिंगचा आठ महिन्यांचा अनुभव

वापर असा: आठ महिने, तीन फोन, लातूर, परभणी आणि बीडकडची बोलणारी माणसं, आणि काम एकच, मासिकांच्या ललित लेख स्पर्धांसाठी लेख तयार करणं. मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या खर्ड्यासाठी याच्याइतकं सोयीचं साधन नाही. पण त्यानं टाइप केलेलंच थोडं साफसूफ करून पाठवलं, तर लेखातला मराठवाडाच गायब झालेला असतो.

सलग दहा मिनिटं बोललं की आठशे-नऊशे शब्द पडतात. आठवणीवरचं ललित मुळात सांगायचंच असतं, त्यामुळे वाक्यं तोंडाच्या वळणानं येतात, निबंधासारखी ताठ होत नाहीत. पाल्हाळही भरपूर येतो. मर्यादा १५०० शब्दांची असेल तर तीन हजार बोलावेत आणि निम्मे कापावेत. एका बैठकीत तीन हजार बोलू नये. दुसऱ्या हजारानंतर माणूस आठवणं सोडून भाषण करायला लागतो.

बोलायची वेळ पहाटेची. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असलेल्या खोलीत हे साधन निरुपयोगी आहे. पंख्याखाली शब्दांच्या शेवटची अक्षरं जातात. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरपा धरायचा, म्हणजे श्वास माइकवर आदळत नाही. आठवायला थांबलं की माइक आपोआप बंद होतो आणि पुढची दोन वाक्यं हवेत जातात, म्हणून नजर पडद्यावर ठेवावी लागते. पूर्णविराम, अवतरणचिन्हं नंतर हातानंच द्यायची.

आता मुख्य दुखणं. व्हॉइस टायपिंगला प्रमाण मराठी आणि हिंदी चांगली येते, आपली बोली येत नाही. ‘व्हतं’ म्हटलं की ‘होतं’ उमटतं. ‘जायलालो’ (जातोय), ‘करलालास’ (करतोयस) यांचे दोन तुकडे होतात आणि दुसऱ्या तुकड्याला भलताच अर्थ येतो. ‘मपलं-तुपलं’चं (माझं-तुझं) तर काय होईल सांगता येत नाही. ‘पानी’चं कधी ‘पाणी’ होतं, कधी शेजारच्या शब्दांसकट अख्खं वाक्य हिंदीकडे झुकतं. ‘काहून’ (का), ‘दस्ती’ (रुमाल), ‘येळवस’ (वेळ अमावास्या, शेतात साजरा होणारा सण) अशा शब्दांवर तिन्ही फोन अडखळले. यातली सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे ‘होतं’. तुटका शब्द डोळ्यांना खुपतो, ‘होतं’ खुपत नाही. आजीच्या तोंडी शहरी वाक्य राहून जातं आणि लेख वाचणाऱ्याला ती आजी खोटी वाटते.

असे शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात घालून पाहिले. बोटांनी टाइप करताना ते सुचतात, बोलताना फरक पडत नाही. उपाय गावठी आहे, पण चालतो. संवाद आला की आधी ‘चौकट’ असा शब्द बोलायचा, मग संवाद. त्याच वेळी दुसऱ्या फोनवर आवाज रेकॉर्ड करत ठेवायचा. एकाच फोनवर दोन्ही चालू केलं, तर माइक एकाच कामाला मिळतो आणि बऱ्याचदा रेकॉर्डिंग मुकं निघतं. नंतर फाइलमध्ये ‘चौकट’ शोधत जायचं आणि रेकॉर्डिंग ऐकून संवाद अक्षरशः हातानं भरायचा. दीड हजार शब्दांच्या लेखाला यात दोन तास जातात. हे दोन तास वाचवू नयेत.

शब्दमोजणीत एक गंमत आहे. हे साधन शब्दयोगी अव्ययं तोडून टाकतं: ‘घरा समोर’, ‘झाडा खाली’, ‘आई सारखी’. शुद्धलेखन सुधारलं की हे शब्द जोडले जातात आणि मोजणी घटते. पंधराशेच्या लेखात सत्तर-ऐंशी शब्दांची जागा अशी सुटते. म्हणून काटछाट आधी करू नये. आधी जोडावं, मग मोजावं, मग कापावं. आकड्यांवरही नजर ठेवावी; ‘दोन-चार माणसं’ ही ‘२४ माणसं’ होऊ शकतात.

ललित असलं तरी ते घडलेलं असतं, त्यामुळे बोलताना तोंडातून गेलेली सालं-तारखा तपासाव्या लागतात. किल्लारीच्या भूकंपावर बोलणारे ‘गणपती बुडवले त्या राती’ म्हणतात, ते बरोबरच आहे. पण पंचांगाच्या भाषेतून तारखेत येताना गोंधळ होतो. विसर्जन २९ सप्टेंबर १९९३ चं, भूकंप ३० च्या पहाटे चारच्या सुमाराचा. त्या प्रसंगात शेजारच्या जिल्ह्याचं नाव ‘उस्मानाबाद’च राहू द्यावं, १९९३ च्या माणसाच्या तोंडी ‘धाराशिव जिल्हा’ घातला की काळ बिघडतो. लातूरला पाण्याची रेल्वे मिरजेहून आली ती एप्रिल २०१६ मध्ये. ती १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणीला चिकटवू नये, आणि बोलण्याच्या ओघात दोन दुष्काळ एकमेकांत मिसळतातच.

फाइल पाठवण्याबद्दल थोडक्यात. युनिकोडची वर्ड फाइल आणि पीडीएफ दोन्ही पाठवावं. अंकाची जुळणी श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होत असेल तर रूपांतरात ‘वाऱ्यावर’, ‘बिचाऱ्या’ यांतला अर्धा र मोडतो. पीडीएफ सोबत असली की जुळणी करणाऱ्याला मूळ दिसतं. परीक्षकांच्या प्रतीवर नाव नको असा नियम असेल तर फाइलच्या नावातून आणि वर्डच्या गुणधर्मांतल्या ‘लेखक’ या रकान्यातूनही ते काढावं. नियमावलीत अजून ‘रजिस्टर पोस्टाने’ लिहिलेलं असेल तर बिचकू नये, २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. हक्कांचं कलम मात्र नीट वाचावं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क लेखी करारानं दिले आणि मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. ‘कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

एवढं करूनही बोली शेवटच्या टप्प्यावर मरू शकते, कारण मुद्रितशोधक ‘व्हतं’ला चूक समजून सुधारतो. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. म्हणून सोबतच्या पत्रात (लेखाच्या पानावर नव्हे) एक ओळ लिहावी: ‘संवादांतली बोलीरूपं हेतुपुरस्सर आहेत, कृपया तशीच ठेवावीत.’ खाली लेखातले असे दहा-बारा शब्द अर्थासह द्यावेत. ‘दस्ती’पुढे ‘रुमाल’ एवढं पुरतं. ‘येळवस’ला मात्र एक पूर्ण वाक्य द्यावं, नाहीतर छापील अंकात ती ‘एकादस’ होऊन येते.