स्टिकर ४८ चा, फ्रेम ५२ ची

लिहू की नको करत तीन आठवडे गेले. घरी अजून ह्या सेकंड हँड सायकलचा खरा आकडा सांगितलेला नाही. माझा तीन महिन्यांचा अख्खा पगार, त्यातले ३० टक्के ऍडव्हान्स आणि उरलेले ७० टक्के बाइक दारात आल्यावर, पावतीशिवाय. हो, पावतीशिवाय. मला मूर्ख म्हणायचं असेल तर रांगेत या, पहिला नंबर माझाच आहे.

पण मी काही डोळे मिटून घेतली नव्हती हो. उंची १५५. भिंतीला पाठ टेकून, मांडीत पुस्तक वर दाबून इनसीम, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची, मोजला, ७२. त्याला ०.८८३ ने गुणून सीटची उंची काढली, ६३.६ सेंटीमीटर. एवढं सगळं करून मग ही जाहिरात सापडली, 'सेकंड हँड रोड बाइक, लेडीज स्पेसिफिक, साइझ ४८, नव्यासारखी'. साइझ म्हणजे फ्रेमचं, सायकलच्या सांगाड्याचं माप, आकडा मोठा तशी फ्रेम मोठी. हँडलवर गुंडाळलेली गुलाबी बार टेप, जाड जेलची सीट. विकणारा माणूस इतका गोड की दुसऱ्याच दिवशी मॅडमवरून ताईवर आला. मी म्हटलं हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीला, मोजायची टेप लावून फोटो पाठवा, तर कॅटलॉगमधला तक्ता पाठवला. परत मागितला तर म्हणे 'ताई, अजून दोघीजणी विचारतायत, तुमच्यासाठी थांबवलीये'. ह्या दोघीजणी कायमच असतात, तुम्हालाही माहितीये, मलाही माहिती होतं, तरी मी पैसे टाकले.

आणि आता ते, जे रोज रात्री डोळ्यासमोर येतं. खोका उघडला, सीट ट्यूबवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, खाली ४८ चा स्टिकर, त्याचा एक कोपरा उचललेला आणि मध्ये हवेचा बारीक फुगा. बाकीचे स्टिकर फिकट, ओरखडलेले, आणि हा एकटा कोरा चकचकीत. मी काय केलं असेल? अंगठ्याने दाबून तो नीट बसवला! फुगा कडेकडेने बाहेर काढला, मोबाइलला स्क्रीनगार्ड लावतात ना तसा. अंगठ्याऐवजी नख लावलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, तो डिलिव्हरीवाला अजून दारातच उभा होता, ७० टक्के अजून माझ्याकडे होते.

पहिल्याच राइडला करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. मान आखडली. उभं राहिलं की टॉप ट्यूब, ती वरची आडवी नळी, नको तिथे टेकायची. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे 'रोड बाइक अशीच असते ताई, बॉडी सेट व्हायला ३०० किलोमीटर लागतात'. आणि मला ते पटलं, कारण आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय ना, चप्पल चावली की पायाला सवय होईल. परत करायची मुदत होती १५ दिवस. ३०० किलोमीटर व्हायला मला १९ लागले. त्याला हा हिशोब माझ्याआधी कळला होता.

मधल्या काळात त्यानेच 'माझ्या ओळखीचा' फिटिंगवाला दिला. त्याने आणखी छोटा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, लावला, ८० चा काढून ६० मिमीचा, सीट बदलली, ती पार पुढे ढकलली. स्टेमचे बाइकच्या किमतीच्या ४ टक्के, सीटचे ९, फिटिंगचे ९. म्हणजे वर आणखी २२ टक्के मी स्वतःच्या हाताने नेऊन दिले. आणि सीट पुढे घेतली की हँडल जवळ येतं खरं, पण मग गुडघे बोंबलतात. सीटची जागा पायांवरून ठरते, हातांवरून नाही. कोणी हँडल जवळ आणायला सीट ढकलत असेल तर तिथूनच उठा.

शेवटी एक मैत्रीण मोजायची टेप घेऊन आली. तक्त्यात ४८ ची हेड ट्यूब १०० मिमी, आमची भरली १२५. हँडलबार ४२ सेंटीमीटरचा, माझे खांदे हाडापासून हाडापर्यंत ३६. मग तिने क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, उलटा फिरवून आतली बाजू दाखवली, छापलेलं १७२.५ मिमी. छोट्या फ्रेमला साधारण १६५ किंवा १७० येतो. स्टिकर बदलता येतो, क्रँकवरचा छापा कोण बदलणार. मी नखाने तो कोपरा उचलला. खाली ५२.

म्हणजे 'लेडीज' काय होतं तर गुलाबी टेप आणि सीट. १९८५ मध्ये जॉर्जिना टेरी नावाच्या अमेरिकन बाईंनी बायकांसाठी सायकलची कंपनी काढली तेव्हा छोट्या फ्रेमला पुढे २४ इंची चाक लावलं होतं, दोन्ही चाकं मोठी ठेवली तर फ्रेम हवी तेवढी आखूड करता येत नाही म्हणून. त्यांनी फ्रेम बदलली, ह्याने रंग. आणि लेडीज लिहिलेलंच पाहिजे असंही काही नाही, हेही मला नंतर कळलं. स्पेशलाइज्डसारख्या सायकल कंपनीनेही पुढे म्हटलं की बाई-पुरुष फरकापेक्षा माणसामाणसातला फरक मोठा. ४८-५० हे आकडेही कंपनीगणिक वेगळे, त्यामुळे स्टॅक (फ्रेमची उंची) आणि रीच (फ्रेमचा पुढचा पल्ला) मिलिमीटरमध्ये मागा, बाकी सगळं नंतर.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात चार खेपा. पहिल्या खेपेला साहेब नाहीत. दुसऱ्या खेपेला साहेब होते, ते म्हणाले 'सायकल मिळाली ना? चालते ना? मग फसवणूक कुठली?' मी टेप काढून टेबलावर ठेवली, तर हसले. २५ मिलिमीटरसाठी एवढा त्रास कशाला म्हणे. तिसऱ्या खेपेला 'घरात कुणी पुरुष माणूस नाही का बोलायला?' चौथ्या खेपेला अर्ज घेतला, पोच दिली नाही. ग्राहक तक्रारीच्या ऑनलाइन फॉर्मवर पहिलाच प्रश्न, वस्तू मिळाली का. खोटं कशाला, 'हो' केलं, तर पुढे पर्याय फक्त तुटलेली किंवा बंद. चुकीच्या मापाची असा पर्यायच नाही. 'इतर' मध्ये लिहिलं, तिथे अक्षरं संपली. जिथे जाहिरात होती त्यांना ११ मेल केल्या, अकराही वेळा तेच उत्तर, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. कोणी काढली, कशी काढली, काही नाही. बारावी मेल बाउन्स झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

आणि हो, ब्रेक लिव्हर जवळ घ्यायला बहुतेक लिव्हरला बारीक स्क्रू असतो, हे मला त्या ९ टक्के घेणाऱ्या फिटिंगवाल्याने सांगितलंसुद्धा नाही. बोटं पोचत नसतील तर आधी तो बघा. बसायच्या हाडांमधलं अंतर मोजल्याशिवाय सीट घेऊ नका, जाड जेल म्हणजे आराम नव्हे. पैसे देण्याआधी क्रँकची आतली बाजू बघा. आणि स्टिकरवर नख फिरवा, समोरचा काय म्हणायचं ते म्हणेना का.

काल त्या विकणाऱ्याची नवी जाहिरात दिसली, दुसऱ्या नावाने, पण मागची भिंत तीच. लेडीज स्पेसिफिक, साइझ ४६, जांभळी टेप. मी एवढंच विचारलं, हेड ट्यूब किती मिमी? दोन निळ्या टिका आल्या, मग त्याचा प्रोफाइल फोटो गेला, म्हणजे ब्लॉक.