वर्दीतले दरोडेखोर : पडवीत कोणता चित्रपट लावावा?

पावसाळ्यात कोकणात वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे, वाडीतल्या मंडळींना पडवीत जमवून चित्रपट दाखवायचा म्हटले की आधी इन्व्हर्टर किती वेळ तग धरील याचा हिशेब करावा लागतो. पोलीसच दरोडा घालतात असा विषय ठरला असेल आणि ‘कॉप्स अँड रॉबर्स’ (१९७३) व ‘ट्रिपल नाइन’ (२०१६) यांपैकी एक निवडायचा असेल, तर पहिला दीड तासात आटोपतो आणि दुसरा जवळजवळ दोन तास चालतो. तरीही निवड वेळेवर नव्हे, तर समोर कोण बसणार यावर करावी.

अराम अवाकियन यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटाची पटकथा डोनाल्ड वेस्टलेक यांची आहे. न्यूयॉर्कमधले दोन शेजारी पोलीस पगारात भागत नाही म्हणून वैतागलेले असतात. त्यांतला एक गणवेशातच दारूच्या दुकानात शिरून गल्ला लुटतो आणि त्याला कोणी पकडत नाही, एवढ्यावरून दोघांच्या डोक्यात मोठा डाव शिजू लागतो. माफियाला वॉल स्ट्रीटवरून एक कोटी डॉलरचे बेअरर रोखे आणून द्यायचे आणि मोबदल्यात वीस लाख डॉलर घ्यायचे, असा सौदा ठरतो. दरोड्याचा दिवस अंतराळवीरांच्या स्वागत मिरवणुकीचा असतो. खिडक्याखिडक्यांतून कागदाचे कपटे उधळले जात असताना, चोरलेला ऐवजही कागदच आहे, या योगायोगाचा लेखकाने जो उपयोग करून घेतला आहे, तो माझ्या मते या प्रकारच्या चित्रपटांतला फार चतुर भाग आहे. तो इथे उघड करत नाही.

बेअरर रोखा ज्याच्या हाती, तोच त्याचा मालक. कागदावर नाव नसते. आपल्याकडेही १९८१ साली काळा पैसा बाहेर काढण्यासाठी सरकारने असे खास रोखे काढले होते. अमेरिकेत १९८२ च्या कायद्यानंतर ते जवळजवळ बंद झाले, म्हणजे हा डाव त्याच काळात रचता येण्याजोगा होता.

जॉन हिलकोट यांचा ‘ट्रिपल नाइन’ अटलांटात घडतो. तिथे भ्रष्ट पोलीस आणि माजी सैनिक रशियन माफियाच्या दडपणाखाली दरोडे घालतात. केट विन्स्लेट त्या माफियाची म्होरकी झाली आहे. बँक लुटून पळताना नोटांत दडवलेल्या रंगाचा स्फोट होतो आणि गाडी लाल धुराने भरून जाते, हा प्रसंग थक्क करणारा आहे. पुढे मात्र दुसऱ्या दरोड्यासाठी शहरभरचे पोलीस एका टोकाला ओढून न्यायचे म्हणून एका सहकाऱ्यालाच ठार मारण्याचा बेत आखला जातो, आणि तिथून हसण्यासारखे काही उरत नाही. अभिनय दमदार आहे, पण पात्रे इतकी आहेत की कोण कोणाचा हे लक्षात ठेवताना दमछाक होते.

आपल्या किनाऱ्यावर हा विषय निव्वळ करमणुकीचा राहत नाही, हेही लक्षात घ्यावे. १९९३ मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरली, आणि त्या प्रकरणात कस्टमच्या व पोलीस खात्यातल्या माणसांनाही शिक्षा झाल्या. ज्या वडीलधाऱ्यांनी ते दिवस पाहिले आहेत, त्यांच्यासमोर वर्दीचा सौदा रक्तासकट दाखवणारा दुसरा चित्रपट जड जाईल. पहिल्यातले दोघे निदान पगार, हप्ते आणि रोजच्या वाहतूक कोंडीने गांजलेले संसारी गृहस्थ वाटतात, म्हणून त्यांच्या लबाडीकडे थोड्या मायेने पाहता येते.

म्हणून आजी, मुले, शेजारीपाजारी सगळे बसणार असतील तर १९७३ चाच लावावा. चार जाणत्या मित्रांची रात्रीची बैठक असेल तर २०१६ चा. पहिला लावलात, तर सुरुवातीलाच बेअरर रोखा म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगून ठेवावे, नाहीतर मिरवणुकीच्या प्रसंगी मागच्या ओळीतून ‘काय झाला रे?’ असा प्रश्न हमखास येईल.