पीएनआर खरा, तिकीट नाही: माझे ८७,८०० रुपये आणि १,२०,००० माइल्स असे गेले

रिवॉर्ड पॉइंट्सवर बिझनेस क्लासचं तिकीट काढून देतो म्हणणाऱ्या एका माणसाला मी ८७,८०० रुपये दिले. शिवाय माझ्या खात्यातले १,२०,००० माइल्स गेले. तिकीट मिळालं नाही. हाच माणूस आता नाव बदलून बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत फिरतोय असं कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

ऐकणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "बिझनेस क्लास कशाला हवा होता?" माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. एवढे तास ताठ बसून राहायला डॉक्टरांची मनाई आहे. लेक फ्रँकफर्टला असते, नातवाचं बारसं होतं. आईला एकटं ठेवून बायकोला हलता येत नाही, म्हणून मी एकटाच जाणार होतो. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. टूल, इन्सर्ट, कुरियर, सगळी खरेदी कार्डावर करत आलो, त्यातून २,४०,००० पॉइंट्स साठले होते. ते माझ्या धंद्यातून आलेले पॉइंट्स होते, कुणी खिरापत वाटली नव्हती.

पुढची पद्धत बहुतेकांना ठाऊक असते. कार्डाचे पॉइंट्स विमान कंपनीच्या खात्यात वळवायचे, त्यांचे माइल्स होतात, माइल्सवर सीट घ्यायची आणि कर व सरचार्ज तेवढे पैशांनी भरायचे. माझ्या कार्डाला दोन पॉइंट्सचा एक माइल मिळायचा, म्हणजे १,२०,००० माइल्स झाले. एकदा वळवले की ते बँकेत परत येत नाहीत, हे लक्षात ठेवा. सीट आहे की नाही ते आधी स्वतः कंपनीच्या साइटवर बघा, मगच वळवा.

हा माणूस लबाड वाटला नाही, कारण त्याचं बहुतेक बोलणं खरं होतं. मी नंतर एकेक गोष्ट पडताळून पाहिली. विमान कंपन्या कमी माइल्सच्या बिझनेसच्या सीटा एका विमानात बहुधा एक-दोनच सोडतात, कुटुंबाला त्या मिळणं अवघड आणि एकट्याला सोपं, हे खरंच आहे. परतीची आणि जाण्याची तिकिटं वेगवेगळी काढता येतात, हेही खरं. त्याने हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि मग म्हणाला, "साहेब, तुम्ही एकटे आहात म्हणून जमतंय. मुंबई-फ्रँकफर्ट एकच सीट आहे, रात्रीपर्यंत जाईल." घाई करायला लावली ती तिथे. जाऊन-येऊन १,७०,००० माइल्स लागतात, ५०,००० कमी पडतात, ते मी माझ्याकडून ८० पैशांना देतो, असा हिशेब त्याने मांडला. माइल्सचे ४०,०००, कर आणि सरचार्जचे ४१,३००, त्याची फी ६,५००. सीट धरायला म्हणून माझ्या खात्याचा पासवर्ड घेतला, आलेला ओटीपीही घेतला.

कर आणि सरचार्ज! हेच मला रात्री झोपू देत नाही. ते पैसे विमान कंपनी घेते, तिच्याच साइटवर, आपल्या कार्डावरून. ते एखाद्या ट्रेडर्सच्या नावाच्या यूपीआयवर जातातच कसे? स्क्रीनवर ते नाव मी वाचलं होतं. विचारलंही होतं. "आमचं करंट अकाउंट आहे, बिल मिळेल," म्हणाला. धंद्यात आम्ही रोज अशाच नावांना पैसे पाठवतो, प्रोप्रायटर एक आणि फर्म दुसरी, त्यात मला वावगं दिसलं नाही. तुम्हाला दिसायला हवं. करासाठी माणसाच्या खात्यात पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा.

पैसे गेल्यावर अर्ध्या तासात पीएनआर आला. मी मूर्खासारखा विश्वास ठेवून बसलो नाही, कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला. माझं नाव, तारीख, बिझनेस क्लास, सगळं दिसत होतं. यापेक्षा जास्त काय तपासायचं असतं माणसाने? तेरा आकडी तिकीट नंबर. पीएनआर म्हणजे फक्त बुकिंगची नोंद, पैसे न भरता ती काही काळ धरून ठेवता येते. तिकीट नंबर नसेल तर तिकीटच नाही. मी नंबर मागितला होता, तर "माइल्सचं तिकीट प्रवासाच्या ७२ तास आधी निघतं" असं उत्तर मिळालं. साफ खोटं. माइल्सचं तिकीटही बुकिंग झालं की बहुधा लगेचच निघतं.

हे उघडं पडलं लेकीमुळे. व्हिसाच्या कागदांसाठी तिने फोन केला, "पप्पा, तिकीट नंबर सांगा." साइट उघडली तर बुकिंग सापडेना. खात्यात शिल्लक शून्य. माझ्या माइल्सवर भलत्याच माणसाचं तिकीट निघून तो प्रवासही करून आला होता. पीएनआर दिसत राहिला तेवढे आठवडे मी गप्प बसलो होतो, आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यांत जाऊन संपले. त्या पीएनआरचं कामच ते होतं.

आता यंत्रणेचं सांगतो. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, "पॉइंट्स म्हणजे काय पैसे आहेत काय?" जबाब कन्नडमध्येच लिहून द्या म्हणाले. मी कन्नड बोलतो, पण कायदेशीर जबाब लिहिण्याइतकं येत नाही. बाहेरच्या टायपिस्टाकडून करून आणला, तर "नाळे बर्री," म्हणजे उद्या या. दुसऱ्या खेपेला कळलं की माझं बँक खातं कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाखेत, म्हणून तक्रार महाराष्ट्रात द्या. तिकडे गेलो तर राहता कर्नाटकात, पैसे पाठवले कर्नाटकातून, मग इथे कशाला आलात? सीमेवर राहणाऱ्याने जायचं कुठे? कुठल्याही हद्दीतला गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यायचा, ही झीरो एफआयआरची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये आहे. ते छापून नेलं, साहेबांपुढे ठेवलं, त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. वकिलाची नोटीस गेल्यावर गुन्हा नोंदला, तोही फक्त ८७,८०० चा. १,२०,००० माइल्सचा त्यात उल्लेख नाही.

बँक म्हणते ओटीपी तुम्ही दिला, जबाबदारी तुमची. विमान कंपनीने तर कहर केला. दुसऱ्या माणसाकडून माइल्स विकत घेणं नियमाबाहेर आहे, असं सांगून माझंच खातं गोठवलं! ज्याने चोरले त्याच्या तिकिटाची माहिती गोपनीय. मी विकत घेतलेले ५०,००० माइल्स माझ्या खात्यात कधी आलेच नाहीत, मग नियम मोडला कोणी? या प्रश्नाला प्रत्येक ईमेलवर तोच छापील मजकूर येतो.

पैसे जाताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्याच्या फेऱ्या नंतर. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेतल्या खात्यात अडवता येते. बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. विमान कंपनीच्या खात्याचा पासवर्ड बँकेच्या पासवर्डइतकाच जपा.

तो आता "एकट्या प्रवाशांसाठी खास" अशी जाहिरात टाकतो, मराठी अस्खलित बोलतो, व्हिडिओ कॉल टाळतो आणि पहिल्याच दिवशी कार्डाच्या पॉइंट्सचा स्क्रीनशॉट मागतो. या भागात आणखी कुणी त्याला पैसे दिले असतील तर यूपीआयची पावती आणि चॅट पुसू नका, आपापल्या ठाण्यात तक्रार द्या आणि पैसे घेणाऱ्या फर्मचं नाव त्यात लिहा. एकाच फर्मवर चार तक्रारी असल्या तर "पॉइंट्स म्हणजे पैसे आहेत काय" असं विचारून कुणाला परत पाठवता येणार नाही.