५० मीटरची फायबर टेप : त्रिकोणी तुकडा एकदाचा मोजून झाला

आमचं शेत निफाड तालुक्यात, कालव्याला लागून. कालवा तिरका गेल्यामुळे खालच्या अंगाला एक त्रिकोणी तुकडा उरलाय. तिथे कांदा लावायचा म्हटलं की मजुरी उक्ती (रोजावर नाही, एकूण कामावर ठरवलेली), आणि तुकडा नेमका किती गुंठे यावरून बोलाचाली. कुणी पाच म्हणे, कुणी सहा.

आधी मोबाईलवरचं जमीन मोजायचं ॲप वापरलं. बांधाबांधाने चालले, ५.९ गुंठे. लगेच दुसरी फेरी मारली, ४.४! मोकळ्या रानातही फोनचा जीपीएस तीन-चार मीटर हलतो. चार एकरांत ते खपतं, एवढ्याशा तुकड्यात नाही.

म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून ही टेप आणली, ४८० रुपयांना. एका अंगाला मीटर, दुसऱ्या अंगाला फूट. तिन्ही कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या. पलीकडचं टोक मोठ्या जाऊबाईंनी धरलं. "अगं, झोळ पडलाय, ओढ नीट," त्या ओरडल्या, आणि त्यांचंच बरोबर होतं. वाऱ्याने पट्टी फुगते. ताणून धरल्याशिवाय आकडा लिहू नका.

बाजू आल्या ४१.२, ३७.५ आणि २८.६ मीटर. परिमिती १०७.३, तिची निम्मी ५३.६५. निम्मीतून एकेक बाजू वजा केली : १२.४५, १६.१५, २५.०५. निम्मी परिमिती आणि हे तीन, अशा चारही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं, सुमारे ५२० चौरस मीटर. (बऱ्याच फोनमध्ये कॅल्क्युलेटर आडवा केला की वर्गमूळाचं बटण दिसतं.) गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०१.१७ चौरस मीटर. म्हणजे आमचा तुकडा ५.१४ गुंठ्यांचा. शाळेत शिकलेलं हीरोचं सूत्र ते हेच. पाया गुणिले उंची भागिले दोन हे सगळ्यांना पाठ असतं, पण ढेकळांच्या रानात लंब कुठून टाकायचा? इथे गुण्या (काटकोन बघायचं साधन) लागत नाही, नुसत्या तीन बाजू पुरतात. मला हे फार आवडलं.

आता टेपची खोट. शून्य कडीच्या टोकाला नाही, पट्टीवर दहा सेंटिमीटर आत छापलंय, तेही फिकट. पहिल्या खेपेला आम्ही कडीच खुंटीला लावली, प्रत्येक बाजू दहा सेंटिमीटरने कमी आली आणि क्षेत्र ५१७ निघालं. सगळं पुन्हा मोजावं लागलं. घरी आणल्या आणल्या शून्यावर लाल नेलपॉलिशची रेघ मारा. गुंडाळताना ओल्या फडक्याने पुसत चला, नाहीतर चिखल आत जाऊन हँडल जाम होतं. ३० मीटरची मात्र घेऊ नका, लांब बाजूला दोनदा लावावी लागते आणि मधल्या खुणेशी चूक शिरते.

परिमितीचाही उपयोग झाला. फाटकाचे ३.६ मीटर सोडून पाच पदरी तार लावायची, तर ५१८.५ मीटर लागते. दुकानदार सातशे सांगत होता. वळणं-गाठींसह साडेपाचशे आणली, पुरली.

हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीच करावी, तिथे ही टेप चालणार नाही. घरच्या हिशेबाला पाचपैकी चार तारे, एक त्या शून्यापायी कापला.

येत्या रविवारी धाकट्या दिरांचं चौकोनी वावर मोजायचंय. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणलं की वाकड्या चौकोनाचं क्षेत्र नेहमी जास्तच येतं. त्यामुळे मधून कर्ण घेऊन त्याचे दोन त्रिकोण करणार आहोत. जाऊबाईंना आत्ताच सांगून ठेवलंय.