मोहरी चालत नाही

टिळक रस्त्यामागच्या एका बोळात सहा बाकांचं उपाहारगृह आहे. बारा महिने फक्त उपवासाचे पदार्थ. गल्ल्याच्या वर पाटी: ‘हे उपवासाला चालते का, असे विचारू नये. चालते, म्हणूनच विकतो.’ मी इथे अकरा वर्षं जाते आहे. नाव लिहीत नाही. एक तर संकष्टीला रांग आधीच बोळाच्या तोंडाशी येते, आणि दुसरं म्हणजे पुढे एक तक्रार आहे. मालक मला वहिनी म्हणतात.

आधी खिचडी. ७० रुपये, बशी लहान. पण साबूदाणा असा भिजलेला की दाणा बोटांत दाबला तर पीठ व्हावं आणि बशीत मात्र सुटा राहावा. बहुतेक ठिकाणी पाणी जास्त पडतं आणि समोर चिकट गोळा येतो. इथे रात्रीच पाणी निथळून टाकतात, सकाळी कूट, मीठ, साखर आधी कालवून ठेवतात आणि मगच परततात. कूट भरड, फोडणी साजूक तुपाची, बटाट्याच्या काचऱ्या आधीच खमंग झालेल्या. आणि कोथिंबीर विचारून घालतात, याचे मी वेगळे गुण देते. माझ्या माहेरी उपवासाला कोथिंबीर चालत नसे, सासरी चालते. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढीला सासूबाईंनी खिचडीवर ती सढळ हाताने भुरभुरली, तेव्हा मी कोणाचं लक्ष नाही असं बघून पानं वेचून ताटाखाली सरकवली होती. आता कोथिंबीर नसलेली खिचडी मला ओकीबोकी वाटते.

दाराशी साबूदाण्याची पोती असतात, त्यांवर सेलम छापलेलं. आमचे हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. इथे आले की पोत्याकडे बोट दाखवून त्यांचा तास सुरू व्हायचा. साबू हा शब्द मलय भाषेतल्या सागूवरून आलेला, आणि मूळचा सागू तिकडच्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून काढतात. आपण खातो तो वेगळाच, टॅपिओकाच्या कंदाचा. कंद दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर केरळात आला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० च्या दशकात तो लोकांना लावायला सांगितला. पुढे दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल थांबला आणि सेलमकडे कारखाने उभे राहिले. म्हणजे हा पदार्थ इतका नवा. मग दाणे, बटाटा, मिरची, रताळं, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. “आई, आज आपण सगळे ब्राझील खातोय,” हे ऐकून सासूबाई एवढंच म्हणाल्या, “ब्राझीलला एकादशी असते का?” त्यावर ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. प्राध्यापकांना मी गप्प झालेलं फार वेळा पाहिलेलं नाही.

वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी (९० रुपये) चांगली आहे, आमसूल बेताचं. वडे तेलकट, दुपारनंतर तर घेऊच नका. उपवासाची मिसळ तरुण मुलांना आवडते, मला त्यात खिचडीचे हाल झालेले वाटतात.

आता नवलाई. मालकांचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून आला आणि वर्षभरापूर्वी फळ्यावर दोन ओळी वाढल्या: उपवासाचा पिझ्झा आणि उपवासाचा टाको. पिझ्झा वरीच्या पिठाचा. थंड झाला की पाटावर आपटला तरी मोडणार नाही. टाको मात्र राजगिऱ्याच्या पिठाची पातळ, कडेने कुरकुरीत भाकरी, आत रताळ्याचा कीस, वरून पांढरा सॉस. ११० रुपये, दोन येतात.

मागच्या कार्तिकीला लेकीबरोबर तिच्या चाकणच्या कंपनीत कामाला आलेली मेक्सिकोची पाहुणी होती, पुएब्ला शहरातली. तिला टाकोच खिलवू म्हणून गेलो. तिने टाको बघून भुवई उंचावली, पण खरी हरखली ती काचेच्या बरणीतली राजगिऱ्याची वडी बघून. “आलेग्रिया!” म्हणून जवळजवळ ओरडलीच. त्यांच्याकडे हीच वडी मधात किंवा गुळासारख्या साखरेत करतात, वर दाणे लावतात, आणि तिला म्हणतात आलेग्रिया, म्हणजे आनंद. स्पॅनिश लोक यायच्या आधी तिथले लोक राजगिऱ्याचं पीठ घायपाताच्या जातीतल्या झाडाच्या पाकात मळून देवांच्या मूर्ती करत आणि सणाला त्या मोडून प्रसादासारख्या वाटून खात. स्पॅनिशांनी त्या पूजेवर बंदी आणली. हे सगळं ती वडी खात खात सांगत होती आणि माझ्या डोक्यात एकच, की हे असते तर तिला उठूच दिलं नसतं.

मग मी टाकोचा घास घेतला आणि जिभेच्या मागे काहीतरी झणकलं. लोणच्याला मोहरी फेसताना उठतो तो वास. मी मुलाला सॉसचं पाकीट आणायला लावलं. बिनअंड्याचं मेयोनेज, विकतचं. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली: मोहरी पूड. एकादशीला!

दुकानात सामसूम. पलीकडच्या बाकावरचे एक काका दोन्ही टाको संपवून तिसरा मागवायच्या बेतात होते. त्यांनी मालकांना विचारलं, “म्हणजे माझी एकादशी मोडली का हो?” मालकांनी वर पाटीकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. हीच माझी तक्रार. ज्या दुकानाने ‘विचारू नये’ असं लिहून ठेवलंय, त्याने पाकीट फोडण्याआधी वाचायला हवं. चूक लक्षात आल्यावर त्यांनी टाकोचे पैसे सगळ्यांना परत केले, हेही लिहिलं पाहिजे. काकांनी मात्र घेतले नाहीत. घेतले तर मोडली असं कबूल केल्यासारखं होईल म्हणाले.

पाहुणीला काहीच कळेना. मोहरी परदेशी म्हणून चालत नाही का, असं तिने विचारलं. मी सांगायला गेले आणि अडखळले. मोहरी तर इथे सिंधू संस्कृतीपासूनची. हळद इथली, तीही चालत नाही. हिच्या मुलखातला राजगिरा चालतो, मिरची चालते, आणि तिकडचाच टोमॅटो आमच्या घरी चालत नाही. लेक म्हणाली, “आजीला चालतं ते चालतं, असं सांग ना तिला.” तेवढं तिला लगेच पटलं. तिच्या आजीकडे ईस्टरआधीच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, पण कोळंबी चालते. कोळंबीने काय पुण्य केलंय, हे आजीला विचारायची तिची हिंमत झालेली नाही.

एक टाको सॉस न लावता बांधून घेतला, सासूबाईंसाठी. वय ८६, दात चार. त्यांनी उलटसुलट बघितला, कडा मोडून कीस चाखला आणि म्हणाल्या, “घावनच आहे की. दुमडलंय नुसतं.” मग, “मीठ कमी आहे,” असं म्हणून सगळा खाल्ला. पुढच्या संकष्टीला सकाळीच विचारलं, “तो दुमडलेला आणणार आहेस का?”

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, त्यानंतर खिचडी दुसऱ्या घाण्याची असते आणि दुसरा घाणा पहिल्यासारखा नसतो. कार्ड चालत नाही, सुटे लागतात. पिण्याच्या पाण्याचा पेला तुमचा तुम्ही विसळायचा. टाकोवर आता दाण्याची ओली चटणी लावतात, पूर्वीपेक्षा बरी लागते. पाटी तिथेच आहे, फक्त तिच्याखाली मुलाने खडूने एक ओळ वाढवली आहे: ‘शंका असल्यास वहिनींना विचारावे.’ मी चतुर्थीला आणि एकादशीलाच असते, भिंतीकडच्या बाकावर.