लंडन ते पॅरिस: विमान की युरोस्टार?

लंडन आणि पॅरिसमधलं हवाई अंतर जेमतेम ३४४ किलोमीटर. विमानाला सव्वा तास लागतो, युरोस्टारला, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या रेल्वेला, सव्वादोन ते अडीच. एवढंच बघून विमान पक्कं करणार असाल तर जरा थांबा.

आधी घड्याळाचा घोळ. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे आणि तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ छापलेली असते. त्यामुळे जाताना गाडी साडेतीन तास घेते असं वाटतं, आणि येताना दहाला सुटलेलं विमान सव्वादहाला पोचतं! दोन्ही आकडे सोडा. घरून निघून हॉटेलात पोचेपर्यंतचा वेळ मोजा.

विमानाचं गणित असं: मध्य लंडनहून पिकॅडिली लाइन या मेट्रोने हीथ्रो विमानतळाला तासभर, तिथे दोन तास आधी हजेरी, मग उड्डाण. पलीकडे पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, आणि आरईआर बी या लोकलने शहरात यायला आणखी अर्धा-पाऊण तास. सगळं सुरळीत झालं तरी पाच-साडेपाच तास जातात.

युरोस्टार सेंट पँक्रस स्टेशनहून, म्हणजे भर शहरातून सुटते. फ्रेंच पोलीस तिथेच पासपोर्ट तपासतात, त्यामुळे पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनला उतरलं की सरळ रस्त्यावर. गेट अर्धा तास आधी बंद होतं. सव्वा-दीड तास हाताशी ठेवून गेलात तरी एकूण चार-साडेचार तासांत काम होतं. गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावते. बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातला ३८ समुद्राखाली. पण मासे दिसतील या आशेवर मुलांना खिडकीशी बसवू नका, वीसेक मिनिटं नुसता काळोख असतो.

सामानाबाबत माझा कौल गाडीलाच. साध्या तिकिटातही दोन मोठ्या बॅगा आणि एक छोटी नेता येते, वजनकाटा नाही, द्रवपदार्थांवर १०० मिलीची अट नाही. मात्र बॅग डब्यात चढवायची आपणच, तेव्हा सोबतच्या आईबाबांच्या गुडघ्यांचा विचार करा. आणि तूप-पेढे ब्रिटनहून फ्रान्समध्ये नेता येत नाहीत, मग विमानाने जा नाहीतर गाडीने. दुधाच्या पदार्थांना बंदी आहे. शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या.

विमान कुणी घ्यावं? मुंबईहून हीथ्रोला उतरून त्याच दिवशी पॅरिस गाठायचं असेल त्यांनी; एकाच तिकिटावर असेल तर बॅगाही थेट पॅरिसला मिळतात. किंवा मुलांसाठी आधी डिस्नेलँडच गाठायचं असेल त्यांनी, कारण शार्ल द गॉलहून तिथे टीजीव्ही या वेगवान फ्रेंच रेल्वेने दहाच मिनिटं. शिवाय युरोस्टारचं भाडं ऐनवेळी भलतंच चढतं, तेव्हाही विमानाचे दर बघावेत. अगदीच काटकसर करायची तर लंडनच्या व्हिक्टोरिया बस स्थानकाहून रात्रीची बस आहे, आठ-नऊ तासांची. पाठ चांगली असेल तरच.

ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही. शेंगेन, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, वेगळा लागतो. दोन्ही व्हिसा हातात असतील तर लंडनला उतरा, गाडीने पॅरिसला जा आणि मुंबईचं परतीचं विमान पॅरिसहूनच काढा. मग युरोस्टारचं एकेरी तिकीट पुरतं.