साडेतीन फुटी पंचिंग बॅग, मुलगा वय १४, आठ महिने वापरून झाल्यावर

बडोद्यात रावपुऱ्याकडच्या एका स्पोर्ट्सच्या दुकानातून घेतली, रिकामी, साखळीसकट ११५० ला पडली, ग्लव्ज आणि हाताला गुंडाळायच्या पट्ट्या वेगळ्या. ज्यांच्या घरी वयात येणारा मुलगा आहे आणि दारं आपटणं सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहितेय.

झालं असं की गेल्या गणपतीत आरतीला आमच्या लेकाचा आवाज मधेच फाटला आणि चुलत भावंडं खिदळली. प्रसाद न घेताच खोलीत गेला, दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली. मग रोजचंच झालं, सकाळी लाडात येऊन मांडीवर डोकं ठेवणार आणि संध्याकाळी "मला कोणी काही विचारू नका". एकदा लोखंडी कपाटावर बुक्की मारून बोटं सुजवून घेतली, त्या दिवशी मी बॅग आणायचं ठरवलं.

दुकानातल्या काकांनी आधी "बेन, छोकरो केटला वरसनो?" विचारलं, चौदा म्हटल्यावर म्हणाले वाळू अजिबात भरू नका, मनगटं दुखावतील, जुने कपडेच भरा. हा सल्ला लाखमोलाचा, कारण या वयात हाडं वाढत असतात.

भरायला दोन संध्याकाळी लागल्या आणि खरं सांगते, बॅगेचे पैसे तिथेच वसूल झाले. आजीची विरलेली सुती लुगडी, ह्यांच्या जुन्या पँटी, सगळ्यांची बटणं आणि चेन आधी कापून काढायच्या नाहीतर हाताला लागतात. मी कापत होते, तो ठोसून ठोसून भरत होता, दोघांची नजर कपड्यांवर, आणि खाली बघतच तो म्हणाला, "आई, माझा आवाज असाच राहणार का?" म्हटलं नाही रे, गळ्यातलं स्वरयंत्र वाढतंय म्हणून फाटतो, काही महिन्यांत स्थिरावेल, बाबांचाही असाच फाटायचा. मग थोड्या वेळाने, "मला राग का येतो तेच कळत नाही, नंतर रडायला येतं." मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, की या वयात टेस्टोस्टेरॉन झपाट्याने वाढतं, मेंदूतला भावनांचा भाग जोरात असतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग पार पंचविशीपर्यंत तयार होत राहतो. "म्हणजे माझं डोकं खराब नाहीये ना?" माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. इतके दिवस हे पोर मनात हे घेऊन फिरत होतं.

आता वापराचं. सुरुवातीला मी चुकले, राग आला की जा बॅगवर काढ असं सांगायचे, आणि तो अजून लाल होऊन बाहेर यायचा. माझी मावसबहीण कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, तिने सांगितलं की राग असा मारून निघत नाही, अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले, २०२४ मध्ये ते आलं, त्यात रागाला उतार पडतो तो शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, दीर्घ श्वास, ध्यान वगैरे. तेव्हापासून आमच्याकडे नियम उलटा, राग आला की बॅगेला हात नाही, गच्चीवर जाऊन बस, पाणी पी, कोणी मागे येणार नाही. बॅग रोज साडेसहाला, तीन मिनिटं मार एक मिनिट थांब, असं वीस मिनिटं, निव्वळ व्यायाम म्हणून. त्याने भूक आणि झोप दोन्ही सुधारली. झोपेचं फार मनावर घ्या, या वयात ८ ते १० तास लागतात आणि झोप येण्याची वेळच उशिरा सरकते, म्हणून दहाला फोन बाहेरच्या खोलीत आणि उशिरा उठला म्हणून सकाळी माझं लेक्चर देणं बंद. चिडचिड गेलीय असं नाही, परवाच पोळी जाड झाली म्हणून ताट सरकवलं, पण अर्ध्या तासाने स्वतः येऊन जेवला.

मात्र मूल दोन आठवडे सतत उदास असेल, मित्र सोडले, खाणं सोडलं, जगण्याबद्दल वाईट बोलायला लागलं तर बॅगबिग विसरा आणि डॉक्टरकडे न्या, टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालतो.

खटकलेलं: दुसऱ्याच महिन्यात तळाची शिवण उसवली, दुकानात नेली तर वॉरंटी नाही म्हणाले, शेवटी कोपऱ्यावरच्या मोच्याकडून ६० रुपयांत जाड दोऱ्याने शिवून घेतली, ती अजून टिकून आहे. साखळीचा दणका खालच्या काकूंच्या छताला जायचा, मधे स्प्रिंग लावल्यावर थांबला. हूक स्लॅबमध्येच ठोकून घ्या, पीओपीच्या खोट्या छतात नको.

पाचपैकी चार. बॅगेचा मधला भाग मुलाच्या छातीला यायला हवा, आम्ही लावल्यापासून साखळीच्या दोन कड्या कमी करून ती वर घ्यावी लागलीय.